जुन्या गाडीचं सस्पेन्शन कडक करायचंय, पण उंची मूळचीच ठेवायचीय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झेन, 800, एस्टीम, सँट्रो, पॅलिओ, पद्मिनी अशा गाड्या आजही हौसेनं चालवणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जे दुसरीकडे सविस्तर आलंय त्याचा फक्त प्रश्न क्रमांक दिला आहे.

1. माझी झेन वळणावर फार लोळते आणि ब्रेक मारला की पुढून दबते. सस्पेन्शन कडक करून घेऊ का?

आधी एक ठरवा: गाडी मुळातच मऊ आहे, की झिजून सैल झाली आहे? वीस-पंचवीस वर्षांच्या बहुतेक गाड्यांचं दुखणं दुसरं असतं. शॉकअप एका दिवसात मरत नाही. तो इतका हळूहळू ढिला पडतो की रोज चालवणाऱ्याला कळतही नाही, आणि मग ‘ही गाडी अशीच आहे’ असं वाटायला लागतं.

चाक काढून शॉकअपच्या दांड्याखाली तेलाचा ओलावा आहे का ते पाहा. त्यावर धूळ चिकटून काळा थर झाला असेल तर सील गेलं आहे. टायरवर तळहात फिरवा. घेराभोवती थोड्या थोड्या अंतरावर खळगे लागले तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाहीये, ते उडतंय. लोअर आर्मच्या (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशचं, म्हणजे सांध्यातल्या नळीचं, रबर फाटलंय का, स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाच्या) वरच्या माउंटिंगचं रबर धातूपासून सुटलंय का, हेही बघा. बोनेटचा कोपरा दाबून सोडण्याची प्रसिद्ध चाचणी फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धा गेलेला त्यात पास होतो.

यातलं काही सापडलं तर आधी मूळ दर्जाचे नवे भाग बसवा आणि महिनाभर गाडी चालवा. अनेकांचं काम तिथेच भागतं.

2. सगळे गाडी खाली बसवतात. मूळ उंची ठेवण्याचा एवढा आग्रह कशाला?

पहिलं कारण आपले रस्ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा, 17 मीटर त्रिज्येच्या गोलाईत, म्हणजे 25 किमी वेगानं तो आरामात ओलांडता येतो. प्रत्यक्षात गल्लीत आणि गावाच्या वेशीवर जे आडवे घातलेले असतात ते अरुंद आणि उंच असतात. गाडी चार सेंटिमीटर खाली आली की एक्झॉस्ट आणि ऑइल सम्प घासायला लागतात.

दुसरं कारण यांत्रिक आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. पद्मिनी सोडली (प्रश्न 13) तर या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी खाली आणली की लोअर आर्म चाकाच्या बाजूनं वर चढतो, आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती बॉडी झुकते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगानं खाली सरकतो. दोघांमधलं अंतर वाढलं की झुकवणारी तरफ लांब होते. म्हणजे लोळणं कमी करायला गाडी खाली आणली आणि लोळवणारा जोरच वाढवून ठेवला. शिवाय चाकाला वर यायला जागा कमी उरते आणि खड्ड्यात बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल थांबवणारं रबर) आपटतो. म्हणून मूळ उंची ठेवून कडक केलेली गाडी ही आपल्याकडच्या रस्त्यांसाठी तडजोड नाहीच, तोच चांगला मार्ग आहे.

3. ‘मूळ उंची’ मोजायची कशी? माझी गाडी तर आधीच बसलेली दिसते.

जमीन ते बंपर मोजू नका, टायर आणि हवा बदलली की ते माप बदलतं. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, चारही चाकांना. गाडी सपाट फरशीवर, टाकी अर्धी, डिकी रिकामी, हवा ठरल्याप्रमाणे. मोजण्याआधी गाडी चार-पाच फूट पुढे-मागे ढकला, म्हणजे जॅकवरून उतरल्यावर बाजूला ताणून अडकलेली चाकं मोकळी होतात.

मूळ माप वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळालं तर उत्तम. नाहीतर त्याच मॉडेलची, कमी चाललेली, सीएनजी किंवा एलपीजी किट नसलेली गाडी शोधून मोजा. डाव्या-उजव्यात पाच-सात मिलिमीटरचा फरक जुन्या गाडीत चालायचाच.

4. काय आधी बदलायचं? पैसे एकदम घालता येणार नाहीत.

टायर, मग बुश आणि माउंटिंग, मग शॉकअप, मग बॅलन्स रॉड (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं झुकणं रोखणारी दांडी), आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग. लोक नेमके उलटे जातात.

टायरची भिंत हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. सहा-सात वर्षं जुना, कडक पडलेला टायर पकड देत नाही, आणि हवा कमी असेल तर स्टेअरिंगमध्ये जो रबरी ढिलेपणा जाणवतो त्याचं खापर सस्पेन्शनवर फुटतं. रिम बदलायचीच असेल तर बाहेरचा घेर सारखा ठेवा. उदाहरणार्थ 175/70 आर 13 या मापाच्या टायरचा व्यास साधारण 575 मिमी आणि 185/60 आर 14 चा 578 मिमी. उंची तीच राहते आणि भिंत 122 वरून 111 मिमीवर येते. आतल्या बाजूला आणि फेंडरला घासत नाही ना, एवढं स्टेअरिंग पूर्ण वळवून बघा.

बुश बदलताना एक गोष्ट स्वतः उभं राहून करून घ्या. रबरी बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म हलतो तेव्हा रबर घसरत नाही, ते पिळलं जातं. गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पक्कं होतं. गाडी खाली उतरवली की ते कायमचं पिळलेलं राहतं, गाडी काही मिलिमीटर वर अडकते आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी हातानं लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा दाबून हलवायची आणि मग रॅम्पवर किंवा खड्ड्यावर उभी असतानाच शेवटचं आवळायचं. यात दहा मिनिटं जास्त जातात, म्हणून गॅरेजात हे टाळलं जातं.

5. नुसते कडक शॉकअप टाकले तर?

उंचीला हात न लावता मिळणारा हा सगळ्यात मोठा फरक आहे. पण शॉकअप काय करतो ते लक्षात घ्या. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते, शॉकअप फक्त हालचालीचा वेग रोखतो. त्यामुळे खंबाटकीच्या इंग्रजी ‘एस’ वळणावर गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाताना कडक शॉकअपनं ती सावकाश आणि आवरून झुकते. मात्र एकाच लांब वळणावर स्थिर झाल्यावर ती आधीइतकीच झुकलेली असते. ते कमी करायचं काम बॅलन्स रॉड (प्रश्न 11) आणि स्प्रिंगचं.

मूळ स्प्रिंगबरोबर अतिकडक शॉकअपही घेऊ नका. छोट्या खड्ड्यांवर चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, गाडी हळूहळू दबून चालायला लागते आणि डांबराच्या पॅचवर पकड सुटते. मूळपेक्षा थोडा घट्ट, दर्जेदार शॉकअप, आणि तोही जोडीनं. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असं कधीच नको.

6. गॅसचे शॉकअप टाकल्यावर गाडी वर आली. असं होतं का?

होतं. आतला दाबाखालचा गॅस दांड्याला सतत बाहेर ढकलतो. दांडा 18 मिमी जाडीचा आणि दाब 5 बार धरला तर हा जोर सुमारे 13 किलो. एक मिलिमीटर दबायला 2 किलो भार लागणारी स्प्रिंग त्यानं साधारण सहा मिलिमीटर मोकळी होते. एवढा फरक नैसर्गिक आहे, स्प्रिंग बदलू नका. त्याहून जास्त असेल तर प्रश्न 4 मधले बुशचे बोल्ट तपासा.

7. स्प्रिंग कडक आणि उंची तीच, हे जमतं कसं? कडक स्प्रिंग गाडी उचलणारच ना?

लांबी तीच ठेवली तर उचलेल. म्हणून कडक स्प्रिंग मोकळ्या लांबीत, म्हणजे भार नसतानाच्या लांबीत, आखूड हवी. गणित सोपं आहे.

समजा एका स्प्रिंगवर 250 किलो भार आहे, ती दर मिलिमीटरला 2 किलो घेते आणि मोकळी 350 मिमी आहे. ती 125 मिमी दबते आणि 225 वर उभी राहते. तिच्या जागी 2.5 किलोची, म्हणजे पाव पट जास्त कडक स्प्रिंग हवी असेल तर ती 100 मिमीच दबेल. गाडी 225 वरच राहायची तर मोकळी लांबी 325 हवी. नव्या स्प्रिंगची मोकळी लांबी म्हणजे भाराखालची लांबी अधिक नवं दबणं. बास.

स्प्रिंगचा कडकपणा मोजायला व्हर्नियर पुरतो. तारेची जाडी (रंग खरवडून) घ्या, वेढ्याचा व्यास तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत घ्या, आणि बैठकीला न टेकणारे, खरोखर काम करणारे वेढे मोजा. जाडीचा चौथा घात गुणिले 1000, भागिले व्यासाचा घन गुणिले वेढे. 10 मिमी तार, 100 मिमी व्यास, 5 वेढे: उत्तर 2 किलो प्रति मिलिमीटर. जाडीचा चौथा घात असल्यामुळे तार फक्त 10.5 मिमी केली तरी कडकपणा 21 टक्क्यांनी वाढतो. अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसतही नाही, म्हणून मोजल्याशिवाय कोणाचंच ऐकू नका.

आता मर्यादा. चाक पूर्ण लोंबतं तेव्हा स्प्रिंग बैठकीत घट्ट राहिलीच पाहिजे. वरच्या उदाहरणात चाक 80 मिमी खाली लोंबत असेल तर जागा 305 मिमीची होते. 325 ची स्प्रिंग त्यात धरून राहते. पण 3.5 किलोची घेतली तर मोकळी लांबी 296 निघते आणि स्प्रिंग सैल होऊन खडखडते, बैठकीतून सरकूही शकते. म्हणजे मूळ उंचीवर या गाडीत दीडपटीच्या पुढे जाता येत नाही. माझा सल्ला तर 20 ते 25 टक्क्यांवर थांबण्याचा आहे. त्यात बॉडीची नैसर्गिक लय सेकंदाला 1.4 हेलकाव्यांवरून 1.6 च्या जवळ जाते. घाटात फरक स्पष्ट कळतो आणि मागे बसलेली आजी तक्रार करत नाही. एवढ्या वाढीला शॉकअपही साधारण 12 टक्के घट्ट लागतो, आणि चांगल्या नव्या शॉकअपमध्ये तेवढं असतं.

हे पुढच्या स्ट्रटसाठी. मागे स्प्रिंग आर्मवर मध्ये बसलेली असेल तर चाकाला जाणवणारा कडकपणा कमी असतो. टक्केवारीचा हिशोब मात्र तसाच चालतो.

8. मेकॅनिक म्हणतो, एक वेढा कापला की झालं. स्वस्तातलं काम!

वेढा कापल्यावर स्प्रिंग कडक होते हे खरं. प्रश्न 7 मधली 5 वेढ्यांची स्प्रिंग 4 वर आली की 2 ची 2.5 किलो होते. पण मोकळी लांबी एका वेढ्यामागे सुमारे 65 मिमी जाते, आणि हिशोब केला तर गाडी 40 मिमी खाली बसते. उंची ठेवायची असेल तर हा मार्ग बंद. शिवाय बैठकीत बसणारं मूळ टोक गेलेलं असतं. गॅसकटरनं कापलं तर त्या जागचं पोलादाचं पाणीच उतरतं आणि तार तिथून तुटते.

9. वेढ्यांमध्ये बसवायचे रबरी बफर कसे?

ते दोन वेढे एकमेकांना टेकवून बाद करतात, म्हणून स्प्रिंग कडक होते आणि गाडी वर येते. डिकीत नेहमी जड सामान असणाऱ्याला तात्पुरते ठीक. हाताळणी सुधारण्यासाठी नको, कारण ताण बफरच्या कडेला एकाच जागी येतो आणि तिथे माती-पाणी साचून गंज धरतो. कोकणात तर अजिबात नको.

10. डिझेल मॉडेलच्या पुढच्या स्प्रिंगा पेट्रोलला बसतात. टाकू का?

बसणं आणि जुळणं वेगळं. झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांत प्यूजोचं 1.5 लिटरचं इंजिन होतं, पेट्रोलच्या इंजिनापेक्षा बरंच जड. अशा जड नाकासाठीची स्प्रिंग हलक्या गाडीत कमी दबते आणि नाक वर राहतं. पुढून उचललेल्या गाडीचं स्टेअरिंग हायवेवर हलकं आणि भटकणारं लागतं. घ्यायचीच असेल तर आधी मोजून प्रश्न 7 चं गणित करा. वेढ्यावरचे रंगाचे ठिपके प्रकार सांगतात, पण जुन्या बाजारात ते पुसलेले किंवा नव्यानं रंगवलेले असतात.

11. बॅलन्स रॉड जाड करणं चांगलं की स्प्रिंग?

उंची राखायची असेल तर रॉड. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढतात तेव्हा तो काहीच करत नाही, फक्त गाडी झुकते तेव्हा पिळला जातो. इथेही जाडीचा चौथा घात: 20 चा 22 केला की 46 टक्के वाढ. तोटा असा की एकच चाक खड्ड्यात गेलं तरी धक्का दुसऱ्या चाकापर्यंत पोचतो आणि गाडी डुलते.

दोन सावधगिरी. मारुती 800 सारख्या गाडीत पुढचा बॅलन्स रॉड लोअर आर्मला पुढे-मागे धरूनही ठेवतो. तिथे ‘दुसऱ्या गाडीचा जाड रॉड’ बसवला तर चाकाची जागाच बदलते, त्यापेक्षा त्याचे बुश नवे टाका. दुसरं, पुढे इंजिन आणि पुढचीच चाकं ओढणाऱ्या गाडीत फक्त पुढे कडक केलं तर ती वळणात बाहेर सरकते. फक्त मागे फार कडक केलं तर पावसात वळणावर पाय काढताच मागचा भाग निसटतो. नवख्या हाताला हे दुसरं जास्त धोक्याचं. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई) असेल तर तो बीम स्वतःच रॉडचं काम करतो, त्याला पट्टी वेल्ड करू नका.

12. पॉलियुरेथेनचे बुश टाकू का?

हे रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे बुश बॅलन्स रॉडच्या क्लॅम्पमध्ये जरूर टाका, कमी खर्चात स्टेअरिंग सुधारतं. लोअर आर्ममध्ये आवाज आणि कंप वाढेल. द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटचा प्रत्येक जोड केबिनमध्ये ऐकू येईल. मागे अखंड ॲक्सल आणि लिंक असतील तर तिथे रबरच ठेवा, कारण त्या बुशला दोन-तीन दिशांनी वळावं लागतं. कडक बुशनं ॲक्सल अडकतो आणि ताण ब्रॅकेटवर जातो.

13. पद्मिनी आणि ॲम्बॅसेडरला हे सगळं लागू होतं का?

तत्त्व तेच, भाग वेगळे. पद्मिनीला पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. पाट्यांत एक पान वाढवलं की गाडी कडक होते आणि उचलली जाते. म्हणून पाटे पुन्हा पाणी देऊन घेताना कमान तेवढी कमी करून घ्यायची. पानांमधला गंज घासून ग्रीस भरलं तरी खूप फरक पडतो, कारण गंजलेले पाटे कडक वाटतात पण नियंत्रण देत नाहीत.

ॲम्बॅसेडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा, आहे. त्याचं टोक फिरवून उंची बदलता येते आणि पुष्कळ जण त्यालाच ‘कडक केलं’ म्हणतात. कडकपणा बारच्या जाडी-लांबीवर ठरतो, फिरवून तो बदलत नाही. हेच उत्तर चुडी आवळून कॉइलओव्हर (चुडीनं उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) कडक करू पाहणाऱ्यांनाही: प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला की स्प्रिंग कडक होत नाही, बहुतेक वेळा फक्त गाडी वर येते.

14. स्प्रिंग बनवून घेताना काय सांगायचं?

‘जरा कडक द्या’ असं सांगू नका. तारेची जाडी, व्यास, एकूण आणि काम करणारे वेढे, मोकळी लांबी, भाराखालच्या लांबीवर (प्रश्न 7 च्या उदाहरणात 225 मिमी) किती किलो, आणि टोकं कशी हवीत, हे कागदावर लिहून द्या. सोबत जुनी स्प्रिंग द्या. विचारायच्या गोष्टी दोन: शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून तारेचा पृष्ठभाग पक्का करणं) करता का, आणि वेढ्याला वेढा टेकेपर्यंत पूर्ण दाबून ‘सेट’ करून देता का? सेट न केलेली स्प्रिंग काही महिन्यांत बसते आणि सगळं गणित वाया जातं. घेताना काट्यावर दाबून दोन्ही बाजूंची जोडी जुळवून घ्या.

बसवताना स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय स्ट्रटचा वरचा नट सोडू देऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो.

15. मागे सीएनजी सिलिंडर आहे म्हणून गाडी बसली. तेव्हा?

इथे कडक स्प्रिंग हे योग्यच औषध आहे. सिलिंडर आणि स्टँडचे मिळून साठ किलो धरले तर प्रत्येक स्प्रिंगवर तीस, म्हणजे 2 किलोच्या स्प्रिंगवर 15 मिमी. प्रश्न 7 चं सूत्र वापरा, फक्त भार 280 धरा. ती पाव पट कडक केली तर 112 मिमी दबेल, म्हणजे मोकळी लांबी 337.

16. आरटीओ आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीत निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यावर बंधन घालतं. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतल्या कलम 182-अ नुसार परवानगी नसलेल्या बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच तपशिलाचा नवा भाग ही दुरुस्ती. मूळपेक्षा वेगळी स्प्रिंग किंवा कॉइलओव्हर बसवण्याआधी मात्र आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी तपासली जाते, तेव्हा बिलं जवळ असू द्या.

17. सगळं केलं, पण एकच कोपरा मूळ मापापेक्षा 12 मिमी वर आहे. स्प्रिंग बसेल का?

नवी स्प्रिंग सुरुवातीला दोन-चार मिलिमीटर बसते, बारा नाही. क्रमानं बघा: स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत टेकलंय का, रबरी पॅड दुहेरी तर लागला नाही ना, बुशचे बोल्ट लोंबत्या स्थितीत आवळलेत का (प्रश्न 4). गाडी टेबलासारखी असते. पुढचा उजवा कोपरा वर दिसतो तेव्हा कारण मागच्या डाव्या कोपऱ्यातही असू शकतं, म्हणून चारही मापं पुन्हा घ्या.

तरी उत्तर मिळालं नाही तर त्या ॲक्सलच्या स्प्रिंगांची डावी-उजवी अदलाबदल करा. फरक स्प्रिंगेबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर जोडी परत करा. जागीच राहिला तर स्प्रिंगची बैठक आणि स्ट्रट टॉवर आतून टॉर्च लावून तपासा, गंज किंवा जुन्या अपघाताचं वेल्डिंग निघेल. ते दुरुस्त झाल्यावरच व्हील अलाइनमेंट करा, त्याआधीच्या अलाइनमेंटचे पैसे फुकट जातात.